मी होतो ना तिथं!

‘तुम्ही स्वतः होतात का तिथं?’ हा प्रश्न मराठी माणसाला आयुष्यात तीन ठिकाणी विचारला जातो. एक कोर्टात, दुसरा लग्नातल्या जेवणाला नावं ठेवताना आणि तिसरा गाण्याच्या गप्पांत. पैकी कोर्टात ‘नव्हतो’ म्हटलं की माणूस सुटतो. लग्नाच्या बाबतीत ‘नव्हतो, पण ऐकलं’ एवढ्यावर भागतं. किंबहुना न गेलेल्यांनाच त्या जेवणाची अधिक माहिती असते. गाण्याच्या गप्पांत मात्र ‘नव्हतो’ म्हणणाऱ्याला क्षमा नाही. त्याला वयाप्रमाणे ‘अरेरे’ किंवा ‘हं’ यांपैकी एक मिळतं आणि पुढची दीड तास त्याने फक्त ऐकायचं असतं.

हा रोग शास्त्रीय संगीतवाल्यांपुरताच आहे, अशी माझी पुष्कळ वर्षं समजूत होती. पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव १९५३ साली सुरू झाला. तेव्हापासून त्या शहरात दोन जाती निर्माण झाल्या : पहाटेच्या भैरवीपर्यंत बसलेले आणि मध्येच उठून घरी गेलेले. पुढे आवाजाच्या नियमांनी रात्रभरच्या मैफली बंद केल्या. त्यामुळे नव्या लोकांना पहिल्या जातीत प्रवेश कायमचा बंद झाला आणि जुन्यांचा भाव वाढला. कॉमर्सच्या भाषेत सांगायचं तर पुरवठा थांबला, मागणी राहिली.

पण रॉकवाले लोक तरी निराळे असतील, असं वाटायचं. केस वाढवणारे, रूढी मोडणारे, सगळी माणसं समान मानणारे. छे! त्यांच्यात तर ‘मी होतो’वाल्यांचा सोवळेपणा आणखी कडक. सवाईला न गेलेल्याला निदान सतरंजीच्या कडेला बसू देतात. रॉकवाले त्याला ‘तू कॅसेटवाला’ म्हणून बाहेर बसवतात.

हे मी बोर्डीतल्या अनुभवावरून लिहितो आहे, हे वाचून काही लोक हसतील. हसोत. बोर्डी म्हणजे डहाणू तालुक्याचं गुजरातच्या वेशीला टेकलेलं टोक. चिकूच्या वाड्या, किनाऱ्याला सुरूची रांग आणि ओहोटीला इतका मागे जाणारा समुद्र, की पाय भिजवायला गेलेल्या पाहुण्यांना परत यायला रिक्षा हवी होते. इथलं हायस्कूल १९२० सालचं. आचार्य भिसे इथले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली इथेच आपलं बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अशा सात्त्विक गावात रॉकचे रसिक किती असावेत? मी शिरगणती केली आहे. पाच.

वाडीशेठ, विमावाले, ड्रॉइंगमास्तर, मांडववाला आणि मी. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंद असते, म्हणून त्याच संध्याकाळी आम्ही सुरूंखाली बसतो. मास्तर डब्याएवढा एक स्पीकर आणतात. प्रत्येकाने आपल्या आवडीचं एकेक गाणं लावायचं आणि ते का आवडतं हे सांगायचं, असा नियम आहे. गाणं चार मिनिटांचं असतं आणि ‘का’ चाळीस मिनिटांचा.

वाडीशेठ इराणी. वय सत्तरीला आलेलं, घरात जुन्या लाँगप्ले तबकड्यांचा ढीग. त्यातल्या निम्म्या खाऱ्या हवेने पापडासारख्या वाकल्या आहेत. ते फक्त ‘क्वीन’ लावतात, कारण त्यातला फ्रेडी मर्क्युरी हा मूळचा फारूख बलसारा, म्हणजे पारशी. बलसारा म्हणजे बलसाडचे. आणि बलसाड म्हणजे घोलवड स्टेशनवरून गुजरातकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की पुढे लागणारं गाव. म्हणजे फ्रेडी आमच्या लाइनीवरचा! शेठ इराणी आणि फ्रेडी पारशी हा फरक इतर वेळी त्यांच्यापुढे काढायची कुणाची छाती नाही. फ्रेडीच्या बाबतीत मात्र ते स्वतःच तो विसरतात.

ड्रॉइंगमास्तर ‘पिंक फ्लॉइड’वाले. १९७३ सालच्या त्या काळ्या वेष्टनावर लोलकातून इंद्रधनुष्य निघतं ना, ते चित्र त्यांना आधी आवडलं, गाणी मागाहून. मुलांना रंगचक्र शिकवताना ते अजून तेच वेष्टन फळ्याला टेकवून ठेवतात. मी स्वतः, बँकेच्या परंपरेला धरून, सर्वांचं ऐकून घेतो.

गाणी संपली की आठवणी निघतात. आणि इथे माझ्या एक गोष्ट ध्यानात आली आहे. प्रत्यक्ष कार्यक्रमाला जाऊन आलेल्या माणसाला गाणं सोडून सगळं आठवतं. पाऊस आठवतो, चिखल आठवतो, हरवलेली चप्पल आठवते. पुढे उभा असलेला सहा फूट उंच माणूस तर जन्मभर आठवतो, कारण कार्यक्रमभर दिसला तो तेवढाच. ‘गिटार कशी वाजवली हो?’ विचारलं तर ‘अरे, काय सांगू!’ असं म्हणतात आणि खरोखरच काही सांगत नाहीत. रॉकची स्मृती कानात नसते, पायांत असते. मुंबईहून शेवटची गाडी चुकलेल्या आमच्याकडच्या माणसांना तर हे विशेष पटेल. लोकल डहाणूपर्यंत आली ती २०१३ साली. त्याआधी रात्री मुंबईत गाणं ऐकायचं, म्हणजे सकाळपर्यंत फलाटावर बसायची तयारी ठेवायची. तिकीट गाण्याचं कमी आणि बाकाचं जास्त.

मांडववाला सगळ्यांत अबोल. गावातल्या लग्नांना मांडव आणि लाउडस्पीकर पुरवणं हा त्याचा धंदा. तो आमच्यात का येतो, हे बरेच दिवस कुणाला ठाऊक नव्हतं; स्पीकरची काळजी वाटत असावी, असा समज होता. एकदा मायकेल जॅक्सनचा विषय निघाला. १ नोव्हेंबर १९९६ रोजी अंधेरीच्या क्रीडासंकुलात तो नाचून गेला. नाच दोन तासांचा; पण त्या कार्यक्रमाचा करमणूक कर माफ करायचा की नाही, हा वाद २०२१ सालापर्यंत चालला. एवढा दीर्घ कार्यक्रम मुंबईत दुसरा झाला नसेल. मास्तरांनी ‘जॅक्सन म्हणजे रॉक नव्हे, पॉप’ अशी हरकत घेतली. त्यावर मांडववाला म्हणाला, ‘केबल तीच लागते.’

आम्ही सगळे वळून बघायला लागलो.

‘होतो मी तिथं. मुंबईच्या कंत्राटदाराकडे कामाला होतो. तीन दिवस होतो.’

‘मग? कसा होता?’

‘बघितला नाय. आमी स्टेजच्या मागं, जनरेटरपाशी. पोटात धडधड व्हायची, ती ऐकली.’

आता मला सांगा, हा माणूस तिथं होता की नव्हता? हजारो लोकांनी जॅक्सन पाहिला तो या माणसाने ओढलेल्या तारेच्या जिवावर. आणि त्याला स्वतःला काय मिळालं, तर पोटातली धडधड. अंधेरीला तिकीट काढून गेलेला माणूस ‘मी होतो’ हे ऐटीत सांगतो. हा तीन दिवस होता आणि सांगायला त्याला जवळजवळ तीस वर्षं लागली. तीही केबलच्या निमित्ताने.

तेव्हापासून मी या प्रश्नाच्या मागे लागलो आहे. तिथं असणं म्हणजे नेमकं काय? आणि जो तिथं होता, त्याचा त्या गाण्यावर नव्हता त्याच्यापेक्षा जास्त हक्क असतो का?

बँकेत हा प्रश्न आम्ही कधीच निकालात काढला आहे. आमच्याकडे ‘समक्ष’ या शब्दाला देवाखालोखाल मान. दर नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला येतात. काठी टेकत, धापा टाकत काउंटरपाशी येऊन एकेक आजोबा सांगतात, ‘मी जिवंत आहे.’ मला ते दिसत असतं. ते माझ्याशी बोलत असतात. कित्येकदा माझ्यावर ओरडतही असतात. तरीसुद्धा फॉर्म भरल्याशिवाय ते जिवंत नाहीत. उलट २०१४ पासून हा दाखला घरबसल्या अंगठा टेकवून देता येतो. म्हणजे समोर उभा असलेला माणूस अपुरा आणि घरी बसलेला पुरा! ‘हजेरी’ ही वस्तू वाटते तितकी सरळ नाही, हे तिथेच माझ्या लक्षात यायला लागलं.

बरं, रॉकवाल्यांचीच दोन उदाहरणं घ्या. गिटार विकत घेतलेला प्रत्येक मुलगा पहिल्या दिवशी ज्या गाण्याचा तुकडा वाजवून शेजाऱ्यांना छळतो, ते डीप पर्पलचं ‘स्मोक ऑन द वॉटर’. हे गाणं म्हणजे दुसरं तिसरं काही नसून ‘मी होतो ना तिथं’ची हकीकत आहे. ४ डिसेंबर १९७१ रोजी स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावच्या कॅसिनोत फ्रँक झॅपाचा कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांतल्या कुणी तरी आतषबाजीचं पिस्तूल झाडलं आणि अख्खी इमारत पेटली. डीप पर्पलची मंडळी तबकडी ध्वनिमुद्रित करायला त्याच गावात आली होती. जिनिव्हा सरोवरावर पसरलेला धूर त्यांनी पाहिला आणि जे झालं ते गाण्यात सांगितलं. पंचनामाच म्हणा ना. आमच्याकडचा तलाठीसुद्धा याहून वेगळं लिहीत नाही; फक्त त्याला चाल नसते.

आता दुसरं उदाहरण. ऑगस्ट १९६९ मध्ये अमेरिकेत वुडस्टॉकचा तो प्रसिद्ध महोत्सव झाला. एका दूधवाल्या शेतकऱ्याचं रान, चार लाखांवर माणसं, पाऊस आणि गुडघाभर चिखल. त्या महोत्सवावरचं सर्वांत गाजलेलं गाणं लिहिलं जोनी मिचेलने. आणि ती बाई तिथं गेलीच नव्हती! तिचा दूरदर्शनवर कार्यक्रम ठरला होता. वुडस्टॉकच्या गर्दीतून ती वेळेवर परत येईल की नाही, या धास्तीने तिला न्यूयॉर्कमध्येच ठेवून घेतलं. हॉटेलच्या खोलीत बसून तिने टीव्हीवरच्या बातम्या पाहिल्या आणि गाणं लिहिलं. चिखलात उभे असलेले चार लाख लोक चपला शोधत होते. गाणं न गेलेलीला सुचलं.

मास्तरांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘यात नवल काय? महाभारतातही लढले ते वेगळे आणि सांगितलं संजयाने.’ मास्तरांचं हे असं असतं. आम्ही अमेरिकेपर्यंत जाऊन जे आणतो, ते त्यांच्या माजघरात आधीच असतं.

शिवाय ‘तिथं’ असलेल्याला आपण ‘तिथं’ आहोत हे कळतं तरी का? फ्रेडी आठ वर्षांचा असताना झांझिबारहून पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकायला आला. शाळेतल्या मुलांनी ‘हेक्टिक्स’ नावाचा वाद्यवृंद काढला होता, त्यात तो पियानो वाजवायचा. म्हणजे पुढे १९८५ साली वेम्बलीत ‘लाइव्ह एड’च्या कार्यक्रमात सत्तर हजार लोकांना ज्याने टाळ्या वाजवायला लावल्या, तो मुलगा आपल्या सातारा जिल्ह्यात, फुकट, शाळेच्या स्नेहसंमेलनात ऐकायला मिळत होता. ऐकणाऱ्यांपैकी कितीजण मनात ‘हे संपून जेवणाची घंटा कधी होते’ म्हणत असतील! क्वीनने हिंदुस्थानात कधीच कार्यक्रम केला नाही, म्हणून आमचे वाडीशेठ उसासे टाकतात. आणि पाचगणीला जे होते, त्यांना आपण कशाला हजर आहोत याचा पत्ता नव्हता.

आमच्या परिसरात आणखी एक प्रत्यक्ष कार्यक्रम शतकानुशतकं चालू आहे, तो म्हणजे तारपा. दुधी भोपळा, बांबू आणि ताडाचं पान एवढ्या सामानातून वारली माणूस ते वाद्य करतो आणि श्वास न तोडता वाजवतो. नाचणारे हात गुंफून त्याच्याभोवती फेर धरतात. तिथे तिकीट नाही, कुंपण नाही, पहिली रांग नाही. आणि म्हणूनच ‘मी होतो ना तिथं’ असं सांगणारा तारप्याचा रसिक मला आजवर भेटलेला नाही. पाड्यावरचे सगळेच असतात, सांगणार कुणाला? हजेरीला किंमत येते ती गैरहजर लोकांमुळे. बारावी कॉमर्सच्या पुस्तकात टंचाईचं प्रकरण असतं, त्यात हे उदाहरण घालायला हरकत नाही.

गैरहजरांच्या या बाजारात मीही रांग लावून आलो आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये कोल्डप्लेची तिकिटं निघाली तेव्हा पुतण्याने माझ्या मोबाइलवरूनही नंबर लावला. साडेचार लाखांच्या पुढचा लागला. बँकेत सतरावा नंबर आला तर मॅनेजरला भेटायला निघणारी पिढी तो आकडा बघत दुपारभर शांतपणे बसली होती. जानेवारी २०२५ मध्ये कार्यक्रम झाले. आधी नवी मुंबईत, मग अहमदाबादला. त्यासाठी पश्चिम रेल्वेने मुंबईहून खास गाड्या सोडल्या. त्या आमच्या घोलवडवरूनच गेल्या. न थांबता, अर्थात. २६ तारखेचा कार्यक्रम मोबाइलवर थेट दाखवला, तो आम्ही सुरूंखाली बसून पाहिला. पडद्यावर दिसत होतं की तिथं गेलेल्यांपैकी बरेच लोकही आपापल्या मोबाइलच्या पडद्यावरच पाहत आहेत. तेही पडद्यावर, आम्हीही पडद्यावर. फरक तिकिटाचा आणि डासांचा.

इथवर सगळं तात्त्विक होतं. तात्त्विक प्रश्नाचं एक बरं असतं. तो घरी नेला तरी रात्री झोप लागते. माझी झोप गेली ती विमावाल्यांमुळे.

विमावाले आमच्यातले सर्वांत मोठे ‘मी होतो’वाले. मार्च १९८० मध्ये ‘पोलीस’ या इंग्रजी वाद्यवृंदाने मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात कार्यक्रम केला. टाइम अँड टॅलेंट्स क्लब या स्त्रियांच्या संस्थेने तो घडवून आणला होता. आज रंगभवनात गाणं नाही. आजूबाजूला इस्पितळ आणि कॉलेज, म्हणून ते शांतता क्षेत्रात गेलं. पण त्या काळी त्या उघड्या नाट्यगृहाचा दबदबा काही और होता. विमावाले ती रात्र अशी रंगवून सांगतात की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. गर्दी पुढे कशी सरकली, गाण्याच्या आधी कशी शांतता पसरली, कार्यक्रम संपल्यावर बॉम्बे सेंट्रलच्या बाकावर रात्र कशी काढली आणि पहाटे इराण्याकडे ब्रून-मस्का कसा खाल्ला. ‘कॉलेजात होतो हो तेव्हा मी!’ हे त्यांचं पालुपद. (माझ्या सासऱ्यांनी एकदा हे ऐकून विचारलं, ‘पोलीस बघायला मुंबईला कशाला जायचं? घोलवडला ठाणं आहे की.’)

आता, विमावाल्यांचं खातं आमच्या शाखेत आहे. खात्याला केवायसी असतं. केवायसीत जन्मतारीख असते. मी कारकून असल्यामुळे आकडा डोळ्यांसमोरून गेला की त्याची वजाबाकी आपोआप होते. मार्च १९८० मध्ये हे गृहस्थ दहा वर्षांचे होते. चौथीत.

केस रंगवून वय कमी सांगणारे पुष्कळ पाहिले. वय वाढवून सांगणारा हा बोर्डीतला एकटाच. तोही विमा एजंट, ज्याला वयाबरोबर हप्ता वाढतो हे आमच्यापेक्षा जास्त ठाऊक!

पण हे सांगू कुणाला? खातेदाराची माहिती बाहेर बोलायची नाही, हा आमच्या नोकरीतला पहिला धडा. (इथेही मी त्यांचं नाव घेतलेलं नाही. विमावाले बोर्डीत बरेच आहेत आणि ज्यांना हा लेख आपल्याबद्दल वाटेल, त्यांचा धंदा मी लेखापुरता बदललेला आहे असं त्यांनी समजावं.) तेव्हा दर दुसऱ्या-चौथ्या शनिवारी मी तोंड मिटून ते रंगभवन ऐकत होतो आणि मनात धुमसत होतो. खोटं म्हणजे खोटं. सर टॉमस ग्रेशॅम यांच्या नावाचा नियम आम्ही कॉमर्सला शिकलो : हिणकस नाणं चांगल्या नाण्याला बाजारातून हुसकावून लावतं. तसंच हे. ज्याने पाहिलं नाही तो इतकं खुलवून सांगणार, तर ज्याने खरोखर पोटातली धडधड ऐकली तो मांडववाला तोंड उघडेल कशाला?

एका शनिवारी विमावाले लवकर उठून गेले. मी आणि वाडीशेठ दोघेच समुद्राच्या कडेने परत निघालो. मी खात्याचं काही बोललो नाही. एवढंच विचारलं, ‘शेठ, विमावाले तेव्हा फारच लहान असतील, नाही?’

शेठ थोडा वेळ चालत राहिले. मग म्हणाले, ‘तो नव्हता डिकरा तिथे. त्याचा मोटा भाऊ होता.’

‘तुम्हाला कसं माहीत?’

‘माज्या बाजूला उभा होता. आमी दोघं गेलेलो. तो बाकडा, तो ब्रून-मस्का, समदा बरोबर सांगते हा. भाऊने घरी येऊन सांगितला असेल, तसाच्या तसा. पोरगा रात्रभर जागा राहिला असेल ऐकत.’

भाऊ १९८९ सालीच गेला, हे गावात सर्वांना ठाऊक आहे. रंगभवनला शेठ स्वतः होते, हे मात्र मला नव्याने कळत होतं. इतकी वर्षं शेजारी बसून ते ती हकीकत दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होते. क्वीन इकडे आलं नाही म्हणून उसासे टाकत होते. पण ‘पोलीस’ आपण पाहिलं, हे एकदाही बोलले नव्हते.

‘मग शेठ, तुम्ही का नाही सांगत, की मी होतो?’

‘मी सांगितला,’ शेठ म्हणाले, ‘तर तो काय सांगेल?’

त्यानंतर घोलवडच्या फाट्यापर्यंत आम्ही चिकूच्या भावाबद्दल बोललो.

ग्रेशॅमसाहेबांचा नियम इथे अडतो. हिणकस नाण्याने चांगलं नाणं हुसकावलं होतं हे खरं. पण चांगलं नाणं आपणहून खिशात जाऊन बसलं होतं, कारण त्या दुसऱ्यावर एका मेलेल्या माणसाचा छाप होता. शेठना ती हकीकत ऐकताना मित्र दिसत असणार. विमावाल्यांना ती सांगताना भाऊ दिसत असणार. आणि मी वजाबाकी करत बसलेला.

तरीही प्रश्न सुटला असं म्हणवत नाही. खोटं प्रेमाचं असलं म्हणून खरं होत नाही. आज भावाची आठवण आपल्या नावावर केली, उद्या कुणी कुणाचं शौर्य, कुणाचं दुःख आपल्या नावावर करील. ‘मी होतो’ म्हणत पेन्शनही मागेल. तशी प्रकरणं आपण वर्तमानपत्रांत वाचतोच. जो खरंच होता, त्याचं ऋण कुठे तरी नोंदलं गेलं पाहिजे. हिशेब चोख हवा.

या पेचातून मला वाट दाखवली ती आमच्याच कायद्याने. खातेदार गेला की पैसे नॉमिनीला मिळतात. पुष्कळांची समजूत असते की नॉमिनी म्हणजे मालक. तसं नाही. नॉमिनी हा विश्वस्त. त्याने पैसे ताब्यात घ्यायचे ते ज्यांचे आहेत त्यांच्या वतीने. आठवणींचंही असंच असावं. भावाने ती रात्र धाकट्याच्या नावे ठेवली होती. ती सांगण्याचा हक्क त्याला आहेच. तो न सांगेल तर ती बुडीत खाती जमा होईल. प्रश्न फक्त सहीचा. मॅनेजर रजेवर असला की आम्ही त्याच्या जागी सही करतो, पण वर एक बारीकसा शब्द लिहितो : ‘करिता’. त्या तीन अक्षरांत सगळी नीती आली. दुसऱ्याचं सांगायला हरकत नाही. ‘करिता’ गाळायला हरकत आहे.

पण चारचौघांत माणसाला ‘करिता’ लिहायला लावायचं कसं? त्याची फजिती न करता? पुढच्या बैठकीत रंगभवन निघालं. गर्दी पुढे सरकली, शांतता पसरली, बॉम्बे सेंट्रलचं बाकडं आलं. तेव्हा मी सहज विचारावं तसं विचारलं, ‘तुमचे थोरले बंधूही असतील ना हो तिथं?’

विमावाले थांबले. इतक्या वर्षांत त्या हकीकतीत कुणी प्रश्न विचारला नव्हता. वाडीशेठ समुद्राकडे बघत होते.

‘होता ना,’ विमावाले म्हणाले. ‘तोच तर गेला होता... तोच घेऊन गेला होता.’ आणि मग पहिल्यांदाच त्या रात्रीत भाऊ आला. त्याचा निळा शर्ट आला, त्याची शीळ आली, गावी परत येताना त्याचा बसलेला आवाज आला. रंगभवन मागे पडलं. खरं सांगायचं तर हकीकत पूर्वीपेक्षा रंगली. मध्येच शेठ पुटपुटले, ‘निळा नाही रे, हिरवा.’ विमावाल्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग म्हणाले, ‘असेल. हिरवा असेल.’

एवढंच झालं. नोंद पूर्ण दुरुस्त झाली नाही. पण समासात एक बारीकसा ‘करिता’ पडला.

पंढरपूरला जाऊन आलेल्या वारकऱ्याच्या पाया पडायची आपल्याकडे पद्धत आहे. तो मोठा म्हणून नव्हे, तर तो तिथं होता म्हणून. पण त्या बदल्यात त्याच्यावरही एक काम असतं. त्याने न गेलेल्यांच्या कपाळाला बुक्का लावायचा आणि हातावर चुरमुरे ठेवायचे. ‘काय गर्दी होती म्हणून सांगू’ एवढंच सांगून पुडी खिशात ठेवली, तर ती वारी नव्हे, नुसता प्रवास. तिथं असण्याला अर्थ येतो तो तिथं नसलेल्यांपर्यंत काही पोचवल्यावर. मांडववाल्याने पोटातली धडधड आणली, शेठनी एक हिरवा शर्ट आणला. तिकीट कुणीच दाखवलं नाही. आम्ही मागितलंही नाही.

अलीकडे मांडववालाही बोलायला लागला आहे. मास्तरांनी त्याच्या सांगण्यावरून एक चित्र काढलं : स्टेज पाठमोरं, जनरेटर आणि खूपशा तारा. जॅक्सन त्यात नाहीच. ते चित्र आता त्याच्या दुकानात लावलेलं आहे.

विमावाल्यांचं केवायसी यंदा नव्याने करायचं आहे. फॉर्म माझ्याच टेबलावर येईल. जन्मतारखेचा रकाना मी नियमाप्रमाणे तपासीन, कागदाशी ताडून पाहीन आणि बरोबरची खूण करीन. वजाबाकी मात्र करणार नाही. तसं बँकेच्या कुठल्याही परिपत्रकात लिहिलेलं नाही.